अळवाला रजई

थंडीशी ज्याचं खासगी भांडण आहे असा न्यूझीलंडमधल्या आमच्या अख्ख्या हॉर्नबीत एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघावा! माझ्या मुलीचे हे सासरे पुण्यात जन्मभर बॉयलर तपासत होते. निवृत्त होऊन मुलाकडे आले आणि घरामागच्या चार वाफ्यांचे मुख्य अभियंता झाले. पायात लोकरीचे मोजे, त्यावर जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, डोक्याला माकडटोपी आणि खिशात थर्मामीटर. सकाळी फोन वाजला की मी समजते, मुलगी खुशाल आहे, बातमी कोथिंबिरीची आहे. "ताई, उगवली! धावत या!" आणि तीन गल्ल्या ओलांडून मी खरंच धावत जाते, कारण त्यांचा उत्साह साथीसारखा लागतो.

पहिल्या वर्षी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात मृग लागला म्हणून ते जूनमध्ये भेंडी पेरायला निघाले. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, बाहेर गवत फ्रॉस्टनं पांढरंफटक पडलेलं. शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून म्हणाला, "टू कोल्ड, मेट!" "मृग आहे," यांनी मराठीतच ठणकावलं. भेंडीनं अर्थात म्हाताऱ्याचं ऐकलं. मग व्याह्यांनी दोन दिवस बसून सगळी नक्षत्रं सहा महिने पुढे ढकलली आणि नवं पंचांग फ्रिजवर चिकटवलं. त्यात मृग डिसेंबरात! आणि काय सांगू, जमलं की! उन्हाळ्यात मका माझ्या डोक्यावर गेला, मार्चमध्ये भोपळे उचलायला जावई लागला, एप्रिलात मेथी तर इतकी, की म्हाताऱ्यानंही पराठे खाल्ले आणि "स्वीट ॲज" म्हणाला, म्हणजे एकदम झकास.

अडलं ते ऋषिपंचमीपाशी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसात हातानं लावलेलंच खायचं, हे व्रत विहीणबाई लग्नापासून पाळतात. इथे आल्यावर त्यांनी कशाची कुरकुर केली नाही. एकदाच म्हणाल्या, "फ्रोझनच्या पाकिटात कुणाचे कष्ट आहेत, कसं कळायचं?" आणि त्या दिवशी नुसत्या दुधावर राहिल्या. व्याह्यांना ते फार लागलं. "ऋषिपंचमी मार्चमध्ये करू, तेव्हा इथे सगळं पिकतं," त्यांनी सुचवलं. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "नक्षत्रं हलवलीत ती हलवलीत. ऋषी हलायचे नाहीत."

म्हणजे पावसाळी भाज्या ऐन थंडीत पिकवणं आलं. गेल्या वर्षी भोपळा आणि कणसं त्यांनी उन्हाळ्यातच राखून ठेवली, पण अळू? अळवाची कुंडी जूनपासून दिवाणखान्यात, खोली तापवणाऱ्या हीटपंपाच्या समोर. माणसं कोपऱ्यात. कुंडीखाली गरम पाण्याची पिशवी, भोवती रजई. "आजोबा, दॅट्स माय ब्लँकेट!" नात ओरडली. "तुला हातपाय आहेत, तू पळ," आजोबा म्हणाले. खिडकीतल्या रोपाला एकच भेंडी लागली, करंगळीएवढी. ती त्यांनी मला व्हिडिओ कॉल करून सगळ्या बाजूंनी दाखवली.

ऋषिपंचमीला छोटं पातेलंभर भाजी झाली. विहीणबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या भेगाळलेल्या हातांकडे. "मला चालायची नाही ही," त्या म्हणाल्या. व्याह्यांचा चेहरा उतरला. "अहो, वर्षभर बैलासारखे राबलात! बैलाच्या कष्टाचं मी कसं खाऊ?" आम्ही हसून हसून बेजार झालो. विहीणबाईंनी मात्र डोळे पुसत ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना मेथी आणि शेपू यांतला फरक कळत नसे, तरी त्या दुपारी त्यांची फार आठवण आली. निघताना व्याह्यांनी अळवाचा एक कंद माझ्या हातात ठेवला. तो आता माझ्या हीटपंपासमोर आहे, दोन पानं आली आहेत. काल फार गारठा होता, म्हणून कपाटातली ह्यांची शाल काढली आणि कुंडीला गुंडाळली.