विहिरी तीन

"अगं, जरा लांब उभी राहा. हात पुढं कर."

प्राध्यापकांच्या बायकोनं तांब्या उंच धरला. मी ओंजळ केली. वरून धार पडली. माजिवड्याच्या पलीकडून ठाण्याच्या टेंभी नाक्यापर्यंत भर दुपारी चालत आले होते. घशाला कोरड पडली होती. प्राध्यापक ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं बघितलं. बघून वर्तमानपत्रात डोकं घातलं.

हेच गृहस्थ आमच्या महारवाड्यात मला ताई म्हणायचे.

माघ महिन्यात ते पहिल्यांदा आले. खेड्यातली माणसं कशी राहतात, काय खातात, दिवा कसला लावतात, याची माहिती गोळा करून सरकारला द्यायची होती. बरोबर छापील तक्त्यांचा गठ्ठा. वस्तीत लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच, चौथी पास. परक्या माणसापुढं कुणी तोंड उघडेना. तेव्हा ते मला म्हणाले, "ताई, तुम्ही बरोबर असाल तर बायका बोलतील. आणि अहवाल वर गेला की तुमच्या वस्तीला विहीर मिळेल."

विहीर! मी हुरळले.

गावात तीन विहिरी होत्या. आम्ही कडेला घागर ठेवून ताटकळत उभ्या राहायचो. कुणी येईल, कुणाला दया येईल, तर लांबून घागरीत पाणी वाढेल. नाही आली दया, तर खाडीकडच्या खड्ड्यातलं मचूळ पाणी होतंच. त्याच पाण्यानं माझी पहिली मुलगी गेली, असं सासू म्हणायची. मीही तेच म्हणते.

मग काय, मी घरोघरी फिरले. बायकांना बोलतं केलं. पावसाळ्यात हाताला काम नसलं की सासू रानातले कंद उकडून पोराला खायला घालायची आणि आपण आधीच जेवले म्हणून सांगायची. माझ्या नवऱ्याला, तिच्या पोटच्या पोराला, हे माहीत नव्हतं. तिनं ते तक्त्याला सांगितलं. माझ्या भरवशावर सांगितलं.

माझं अक्षर वळणदार, म्हणून तक्ते मीच भरले. एक रकाना होता: गावात विहिरी किती?

मी थांबले. म्हणाले, "सर, आहेत तीन. पण आम्हांला एकीलाही हात लावता येत नाही. ते कुठं लिहू?"

"विचारलंय तेवढंच लिहा, ताई. बाकीचं मी अहवालात मांडीन."

मी लिहिलं. तीन. चांगलं घोटून, सुबक.

पावसाळा सरला. विहिरीसाठी आम्ही केलेल्या अर्जाचं उत्तर दिवाळीनंतर आलं. सगळी वस्ती आमच्या दारात जमली. कागद वाचायचा मीच. सरकारी अहवालाप्रमाणे गावात तीन विहिरी आहेत, सबब नव्या विहिरीची गरज दिसत नाही.

सासूनं विचारलं, "तीन हाईत म्हून कुनी लिवलं गं?"

"मी."

एकेक करून सगळे उठून गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी टेंभी नाक्याला गेले होते. जाब विचारायला. पाणी मागितलं ते तहान आवरेना म्हणून. ओंजळ तोंडाशी नेण्याआधी मी विचारलं, "सर, आमचं तुम्ही अहवालात मांडणार होता ना?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "ते मांडलं असतं तर गावकऱ्यांनी मला पुन्हा गावात पाऊल टाकू दिलं नसतं. पुढचं सगळं काम अडलं असतं. समजून घे." ताई गेली, अहोजाहो गेलं. वर म्हणाले, "आणि तक्ता तर तुझ्याच अक्षरात आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ओंजळ सोडली. पाणी पायरीवर सांडलं.

"अगं, सांडलंस काय!" बाई ओरडल्या.

"नको मला तुमचं पाणी," मी म्हणाले आणि तशीच तहानलेली निघाले.

वाटेत सगळे तक्ते डोळ्यांपुढं येत होते. घरातल्या वस्तूंचाही एक रकाना होता. कंदील, जातं, पाटा, दोर. दोरापुढं मी प्रत्येक घराला 'नाही' लिहिलं होतं. लिहिताना काही वाटलं नव्हतं. पाणी ओढायचंच नाही, तर दोर कशाला लागतो? आमच्या साऱ्या वस्तीत विहिरीचा दोर नव्हता.

ठाण्याच्या बाजारातून काथ्याचा दोर घेतला. चांगला जाड.

सासूनं दोर बघितला. "ह्यो कशाला?"

"विहिरीवर न्यायला."

"मारतील, बाय."

"मारू देत. गावात तीन विहिरी आहेत, असं सरकारदरबारी लिहिलंय. माझ्या हातानं लिहिलंय. ते खोटं कसं पडू देऊ?"

घागरीच्या गळ्याला फास कसा घालतात, तेही मला येत नव्हतं. आमच्यात येणार कुणाला? अंगणात बसून मी तो बांधला, ओढून बघितला, सुटला, पुन्हा बांधला. तळहात सोलवटले. शेवटी तो सुटेनासा झाला. उजाडलं की पहिली विहीर पाटलाची. मग उरलेल्या दोन.