किल्लीवालीने सही केली नाही

बाजाराच्या कोपऱ्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या जिन्याखाली एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा होती. तिथे किल्लीवाली बसायची. धंदा बापाचा, हात मात्र तिचा. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारायचं, "मालक कुठे गेलेत?" ती किल्लीवर चालणारी कानस न थांबवता म्हणायची, "समोर बसलेत. बोला."

घरात तीन माणसं. ती, बस चालवणारा तिचा धाकटा भाऊ आणि नऊ वर्षांची लेक. लेक स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून मामाने तिचं नाव ठेवलं भिंगरी. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम आहे. भिंगरी बोलत नसे. हाक मारली तर वळून बघत नसे. गोंगाट असह्य झाला की स्वतःचंच मनगट चावायची, डोकं भिंतीवर आपटायची. आणि पाणी दिसलं, नुसता आवाज जरी आला, तरी सुसाट सुटायची. एकदा ती कालव्याच्या काठावर सापडली, तेव्हा आईच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच दिवशी तिने दाराला अगदी वर, लेकीचा हात पोहोचणार नाही अशी कडी ठोकली.

कुणीतरी शेजाऱ्याने तक्रार केली, या घरातून पोरीच्या किंकाळ्या येतात. एका दुपारी बालकल्याण विभागाच्या बाई आणि एक हवालदार दारात उभे राहिले.

बाईंनी वरची कडी पाहिली, मनगटावरचे व्रण पाहिले, कपाळावरचं टेंगूळ पाहिलं. मग त्या उकिडव्या बसल्या आणि भिंगरीची हनुवटी धरून म्हणाल्या, "बाळ, माझ्याकडे बघ. आई मारते का?"

भिंगरीने जी किंकाळी फोडली, ती गल्लीभर ऐकू गेली. हवालदाराने तिचे दोन्ही हात धरले. ती आणखी ओरडू लागली.

"बघा, आईला किती घाबरलीये," बाई म्हणाल्या.

"आईला नाही, तुम्हाला! हात सोडा तिचे. ही दवाखान्याची फाइल, एकदा वाचा तरी."

"कागद नंतर बघू."

भिंगरीला बालगृहात नेलं. सकाळ-संध्याकाळ किल्लीवाली फाटकाशी जाऊन एकच सांगायची, "ती हाकेला ओ देत नाही. पाण्याकडे पळते. लिहून घ्या." कुणी लिहून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाची गाडी आत आली आणि उघड्या फाटकातून भिंगरी पसार झाली. आईला कळवलं अडीच तासांनी. ती धावत पोहोचली, तर चौकात पोलिसांचं शिट्ट्या फुंकणं चाललेलं आणि भोंग्यावरून भिंगरीच्या नावाचा पुकारा.

"भोंगा बंद करा! इथे जवळ पाणी कुठे आहे?"

परवा घरी आलेला हवालदारच म्हणाला, "मागच्या रस्त्याला गाड्या धुतात."

भिंगरी तिथेच होती. नळीच्या तुषारांखाली चिंब भिजून, टाळ्या वाजवत हसत होती. पलीकडे चार पावलांवर वाहता रस्ता. दोन शिपाई पुढे सरसावले.

"एकानेही पळायचं नाही," किल्लीवाली दबक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही रस्त्याच्या बाजूला उभे राहा. गप."

ती चिखलात लेकीपासून दोन हातांवर बसली. ना हाक, ना हात. पंचवीस मिनिटांनी भिंगरी आपणहून सरकत आली आणि आईच्या पाठीला पाठ लावून बसली.

हवालदाराने टोपी काढली. "त्या दिवशी मी तिला किती घट्ट धरलं होतं," तो पुटपुटला.

कार्यालयात बाईंनी एक कागद पुढे केला. "मुलीला आजच न्या. फक्त इथे सही."

कागदावर लिहिलं होतं: मुलीला डांबून ठेवल्याची चूक मला मान्य आहे.

"नाही करणार."

"अगं ताई, कर की," भाऊ काकुळतीला आला. "पोरगी घरी येतेय ना? एका सहीने काय जातंय?"

"पुढच्या वेळी पोरगी जाईल. हाच कागद दाखवून नेतील." ती बाईंकडे वळली. "कड्या-कुलपांवर माझं पोट आहे. कडी कशाला म्हणतात आणि डांबणं कशाला, ते मला शिकवू नका. तुमच्या फाटकाला कडी घातलेली नव्हती, म्हणून माझी लेक आज रस्त्यावर होती."

"मग मुलगी मिळणार नाही."

"तेही लेखी द्या. शिक्क्यासकट."

लेकीला मांडीवर घेऊन ती बाकावर बसून राहिली. भाऊ येरझारा घालत होता. संध्याकाळी मोठे साहेब आले, त्यांनी फाइल पहिल्यांदाच उघडून वाचली आणि सहीशिवाय मुलगी घरी आली.

पण नोंदवहीत 'डांबून' तसंच राहिलं. ते खोडून घ्यायला अकरा महिने लागले. दर सोमवारी दुकान बंद ठेवून तिने चपला झिजवल्या. शब्द खोडला गेला, माफी कुणी मागितली नाही.

हवालदाराच्या खटपटीने पुढे पोलिसांच्या आणि बालकल्याणवाल्यांच्या प्रशिक्षणात तिला बोलावलं. सूत्रसंचालक म्हणाले, "आता एका धाडसी मातेचे दोन शब्द."

"धाडसी वगैरे काही नाही," ती माइकवर म्हणाली. "मी चिडलेली आहे. अजूनही. डोळ्यांत बघत नाही म्हणजे पोरगी खोटारडी नसते. उत्तर देत नाही म्हणजे उर्मट नसते. अंगाला हात लावायच्या आधी घरच्यांना विचारा."

मागून एक अधिकारी म्हणाला, "प्रत्येक वेळी एवढा वेळ आणायचा कुठून?"

"मला पंचवीस मिनिटं लागली. तुम्ही त्याआधी अडीच तास शिट्ट्या फुंकत होता."

सभागृहात हशा पिकला. अधिकारीही ओशाळून हसला. नंतर बालकल्याणच्या त्याच बाई जवळ आल्या. "अशा मुलांमध्ये काहीतरी खास कला असते ना?"

"नाही. तिला पाणी आवडतं. तेवढ्यावर तिला घरी राहायचा हक्क आहे."

बाईंनी मान खाली घातली. म्हणाल्या, "मी तिची हनुवटी धरायला नको होती."

"नको होती," किल्लीवाली म्हणाली. 'असू दे' मात्र म्हणाली नाही.

पुढे पोलीस ठाण्यात अशा मुलांसाठी एक अर्ज निघाला, घरच्यांनी आधीच भरून ठेवायचा. 'मूल कशाकडे ओढले जाते, कशाला घाबरते' याला बोटभर रकाना होता. किल्लीवालीने तो वाचला आणि टेबलावर परत सरकवला.

"एवढ्याशा जागेत माझी लेक मावत नाही."

"मग मागच्या कोऱ्या बाजूला लिहा," हवालदार म्हणाला.

तिने खुर्ची ओढली आणि पान भरेपर्यंत लिहीत बसली.