नवाच वॉल टाका

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे कानिफनाथ, मिरजगावात नळाला पाणी सोडतात. कोणत्या गल्लीला कधी पाणी, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. वीस वर्षं पाइपलाइनचे वॉल फिरवलेत, त्यामुळे वॉल या विषयात आपल्यापुढे कुणी नाही, अशी त्यांची पक्की समजूत.

आणि नेमका माझ्या चार महिन्यांच्या ज्ञानेश्वरीच्या हृदयाचाच वॉल, म्हणजे झडप, खराब निघाला. जन्मापासूनच त्याच्या पाकळ्या चिकटलेल्या, रक्त फुप्फुसाकडे नीट जाईना. दूध ओढताना पोर दमायची, रडली की ओठ निळे पडायचे. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन याच आठवड्यात करू. वॉल दुरुस्त होईल."

"दुरुस्त?" मामा ताडकन उठले. "न्हाई बाई. रिपेर केलेला वॉल चार म्हैनं टिकत न्हाई, माजा अनुभव हाय. नवाच टाका."

झालं. माझा नवरा वैजनाथ वडिलांपुढे ब्र काढेल तर शपथ. सहीचा कागद हातात धरून भिंतीकडे बघत बसला. माझं डोकंच सणकलं. लग्नाला सहा वर्षं झाली, मामांपुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "मामा, ही काय कुंभारगल्लीची लाइन आहे का? माझी पोर आहे ती."

"म्हनूनच म्हनतोय, पोरी," मामा म्हणाले, आणि माझ्या मांडीवरच्या पोरीचं दुपटं उगाच पुन्हा पुन्हा सारखं करत राहिले. म्हातारा हट्टाला नाही, भीतीला पेटला होता. मला लाजच वाटली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे बरं केलं. म्हणाल्या, "काका, तुमचा दोन इंची पाइप दोन इंचीच राहतो ना?"

"व्हय."

"ही वाढणार. नवा वॉल वाढत नाही. तिचा स्वतःचा तिच्याबरोबर वाढेल."

मामांनी दोन बोटांत दोन इंचांचं माप धरून पाहिलं. मग वैजनाथवर खेकसले, "कर की सही. बघत काय बसलाय?" जसा काही खोळंबा त्यानंच घातला होता.

ऑपरेशन चार तास चाललं. तेवढ्यात मामांनी त्या मजल्यावरचे सगळे नळ तपासले, दोन घट्ट केले आणि वॉचमनची बोलणी खाल्ली. मी मात्र जागची हलले नाही.

शेवटी बाई बाहेर आल्या. "छान झालं. वॉल मोकळा झालाय, किंचित गळेल, पण चालतं. फक्त तिला आयुष्यभर तपासायला आणावं लागेल."

आयुष्यभर म्हटल्यावर वैजनाथचा चेहरा उतरला. मामा मात्र पुढे सरकले.

"आयुष्यभर म्हंजी, बाई, लई वरसं?"

"लई वर्षं, काका."

मामांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि भर व्हरांड्यात हमसून हमसून रडले. मग मीही रडून घेतलं.