तोंडपाठ मर्यादा

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी नवऱ्याकडून विमानाचे आकडे म्हणून घेत होते.

आमचं गाव पाचोऱ्याजवळ. मी धुळ्याची, मास्तरांची मुलगी, बी.ए.ला मराठी घेतलेली. विमान पाहिलं होतं ते आकाशातच. ह्यांची एका विमान कंपनीत निवड झाली होती. लहान, एका इंजिनाची विमानं चालवून झाली होती. आता शंभराच्या वर माणसं नेणारं जेट शिकायचं होतं. तोंडी परीक्षेआधी थोडी सुट्टी मिळाली, तेव्हा हे जाडजूड पुस्तक घेऊन गावी आले.

त्या पुस्तकातलं एक प्रकरण फक्त मर्यादांचं होतं. इंजिन कुठवर तापू द्यायचं, किती उंचीच्या वर जायचं नाही, पंखांमागचे फ्लॅप कुठल्या वेगाच्या वर उघडायचे नाहीत, पाठीमागून वारा असेल तर तो किती नॉट वेगाचा असेपर्यंत उतरायचं. बाकीचं पुस्तक अडलं तर उघडून बघता येतं, पण ह्यातलं बरंचसं तोंडपाठच हवं, कारण वर गेल्यावर पान शोधायला वेळ नसतो, असं हे म्हणायचे.

विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली मी खाटेवर पुस्तक घेऊन बसायची आणि हे समोर येरझाऱ्या घालायचे.

"मागचा वारा?"

"दहा नॉट."

"धावपट्टीचा उतार?"

"दोन टक्के. चढ असो की उतार."

एखादा आकडा चुकला की मी नुसती मान हलवायची. मग हे डोळे मिटून पुन्हा म्हणायचे. अर्थ कळत नव्हता तेव्हाही मला ते आवडायचं. नंतर विचारून विचारून अर्थही कळू लागला.

सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणायची. सासूबाई आधीच गेलेल्या. नाना मळ्यातून यायचे आणि पाण्याचा तांब्या घेऊन आमच्या शेजारी टेकायचे. एकदा मी वजनाचं विचारत होते. विमान उडताना जेवढं वजन चालतं तेवढं उतरताना चालत नाही, चाकांवर आणि सांगाड्यावर ताण येतो. नानांनी तांब्या खाली ठेवला.

"मंग उडी गयं अन् लगेच माघारी येवानं व्हई, तर उतरी कसं?"

"वरच चकरा मारानं, नाना. तेल जळस, वजन कमी व्हस. मंग उतरानं." नानांशी हे अहिराणीतच बोलायचे.

नाना तांब्या पुन्हा उचलून घोटभर पाणी प्याले. मग म्हणाले, "अन् आपला गावना ऊनमा उडी का तुनं विमान?"

हे हसले. तापमानाचीही मर्यादा असते, आणि आपला मे महिना तिच्या थोडाच खाली आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी नानांनी पारावर जाऊन सगळ्यांना सांगितलं की आपलं ऊनसुद्धा मोठ्या पुस्तकात आहे. तसं नव्हतं काही. पण हे म्हणाले, राहू दे.

परीक्षा झाली, उड्डाणं सुरू झाली. आम्ही मुंबईत दोन खोल्यांचं घर घेतलं. गणवेशाचा पांढरा शर्ट मी स्वतः इस्त्री करायची, खांद्यावरच्या पट्ट्या काढून, पुन्हा लावून. मला विमानात बसवायचं रोज ठरायचं. ह्या महिन्यात नेतो, पुढच्या महिन्यात नेतो. कधी रजा नाही, कधी जागा नाही, कधी मीच माहेरी. काही वर्षं तशीच गेली. आम्हाला घाई नव्हती.

एका दिवाळीला गावी आलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सारखे माठाकडे जातायत. पँट कमरेत ढिली झाली होती. मी म्हटलं, जळगावला जाऊन दाखवून येऊ. डॉक्टर ह्यांच्या ओळखीचे, कॉलेजात बरोबर होते. रक्त तपासलं. दुपारी त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. तेवढ्यावरूनच मला धडकी भरली.

"साखर फार आहे," ते म्हणाले. "तुझ्या वयाला हा प्रकार गोळ्यांवर भागत नाही. इन्शुलिन लागेल. कायमचं."

मी विचारलं, "मग विमान?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उत्तर ह्यांनीच दिलं. "इन्शुलिनवरच्या माणसाला लायसन नसतं गं."

घरी येताना एस.टी.त हे खिडकीशी बसले होते. बाहेर कापसाची वेचणी चालली होती, बायका ओटीत कापूस भरत होत्या. हे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ओट्यावर येऊन बसले. त्यांनी रात्रभर विचार केला असावा.

"डाक्टर आपला शे. तो कोनले सांगनार नही. इंजेक्शन घरमा घेत जाय. आते कसाले सांगस?"

"नाना, साखर एकदम उतरनी तर मानूसले काही समजत नही. मना मांगे शंभर मानसं बठेल ऱ्हातस."

"शेजारे दुसरा पायलट ऱ्हास ना?"

"अन् त्यालेच काही व्हयनं तर?"

एकदम नानांचा आवाज चिरकला. "मना बठ्ठा जीव तुना त्या विमानमा शे रे!" एवढं बोलून ते उठले आणि चपला न घालताच मळ्याकडे निघून गेले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

हे माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं?"

"तुम्हाला लपवून जगता येणार नाही," मी म्हटलं. "एवढंच मला कळतं."

मुंबईला पोचल्यावर हे कंपनीच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले आणि स्वतःच सगळं सांगितलं. पुढची ठरलेली वैद्यकीय तपासणी अजून बरीच लांब होती. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. तिथले लोक चांगले होते, कुणी टोचून बोललं नाही. वरिष्ठांनीच सुचवलं की दिल्लीला फेरतपासणी मागून बघा. आशा नव्हती. पण नानांना सांगायला काहीतरी हवं होतं, म्हणून अर्ज केला.

आणि अशा रीतीने, दिल्लीला जाताना, मी पहिल्यांदा विमानात बसले.

ह्यांचंच विमान होतं ते, म्हणजे त्याच जातीचं. मला खिडकीची जागा दिली. चढताना हवाई सुंदरीने ह्यांना ओळखलं आणि हसून नमस्कार केला. तिला ठाऊक नव्हतं. धावपट्टीवर विमान एकदम जोरात धावायला लागलं तशी मी ह्यांचा हात धरला. हे पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होते आणि ओठ हलत होते. "ऐंशी," हे वेगाचा आकडा पुटपुटले. मग थोड्या वेळाने आणखी काही, आणि विमानाने जमीन सोडली.

वर गेल्यावर पंखाकडून घरघर आली. मी घाबरून बघितलं.

"फ्लॅप आत घेतायत," हे म्हणाले. "आता वेग वाढेल."

कुठल्या वेगाला कुठला फ्लॅप, ते मला पाठ होतं. खाटेवर बसून मीच विचारलेलं होतं. पण ते सगळं असं अंगाखाली थरथरतं, हे मला माहीत नव्हतं. खाली ढग होते, ऊन होतं, इतकं सुंदर की मला रडू आलं. हे दृश्य ह्यांनी रोज पाहिलं होतं, आणि मला दाखवायचं राहून गेलं होतं.

थोड्या वेळाने विमानाचे कॅप्टन स्वतः बाहेर आले. ह्यांच्याबरोबर उडालेले. ते आमच्या खुर्चीशी वाकले.

"चल की पुढे. कॉकपिटमध्ये आमच्या मागच्या सीटवर बस. उतरेपर्यंत थांब."

हे हसले. "नको सर. ही पहिल्यांदाच बसलीय. एकटी घाबरेल."

मी घाबरले नव्हते. कॅप्टननाही ते दिसत असावं. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि गेले. मग हे तोंडावर रुमाल धरून बसले ते विमान उतरेपर्यंत.

दिल्लीत जे व्हायचं तेच झालं. कायमचे अपात्र. तपासणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही आपण होऊन सांगितलंत?" हे हो म्हणाले. त्यांनी उठून ह्यांच्याशी हात मिळवला. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "आता रेल्वेने जाऊ."

भुसावळला गाडी थांबली तेव्हा फलाटावर नाना उभे होते. आम्ही पाचोऱ्याला उतरणार हे माहीत असून ते पुढे आले होते. आम्ही डब्याच्या दारात आलो. नानांनी आमची तोंडं पाहिली. हातातली भाकरीची पिशवी माझ्याकडे दिली आणि ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"घर चाल," म्हणाले. "भूक लागनी व्हई."

कंपनीने नव्या वैमानिकांना शिकवायचं काम देऊ केलं. हे तेच मर्यादांचं प्रकरण शिकवायचे. मुलं पास होऊन उडायला जायची, हे वर्गात उरायचे. वर्षभराने म्हणाले, मला नाही जमत. आम्ही जळगावला आलो आणि ह्यांनी भौतिकशास्त्राची शिकवणी सुरू केली. फळ्यापाशी हे चांगलेच रमायचे. पण आकाशातून आवाज आला की बोलता बोलता थांबायचे, आणि पोरांना वाटायचं सर विसरले.

साखरेने आधी डोळे नेले. शेवटच्या वर्षी संध्याकाळी मी ह्यांना हात धरून गच्चीवर नेत असे. "काय दिसतं, सांग," हे म्हणायचे. मी सांगायची. जिनिंगकडे चाललेल्या कापसाच्या गाड्या, समोरच्या घरावर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे, पतंग तुटला म्हणून भांडणारी भावंडं. मी थांबले की हे म्हणायचे, "अजून."

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात हे गेले. अजूनही गच्चीवर गेले की दिसेल ते मी हलक्या आवाजात सांगत सुटते, आणि थांबायचं कुठे ते मला कळत नाही.