सगळंच कॅपिटल

कोपरीच्या दामाजी कोळ्याची उत्तरा १९९९ साली नौपाड्यातल्या एका लहानशा कंपनीत वेबसाइटी बनवायची. आखाती नोकऱ्यांच्या अर्जाचं पान तिच्याकडे होतं. तिकडच्या कंपनीला सगळा मजकूर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत हवा. रकाने अडतीस, आणि उत्तराने प्रत्येकासाठी वेगळी ओळ लिहिलेली. नवा रकाना आला की एखादी ओळ राहूनच जायची.

"किती वेळा तेच तेच गं?" मालक गुप्ते सर करवादले.

मग तिने सगळ्या रकान्यांवरून आपोआप फिरणारा एकच लूप लिहिला. अर्जात येईल ते सगळं कॅपिटल. सर खूश झाले.

तिचा थोरला भाऊ भिवा वेल्डर. कळव्याचा कारखाना बंद पडल्यापासून घरीच बसलेला. त्याचा अर्ज तिनेच भरला. महिन्याभराने नकार आला : प्रमाणपत्रे जोडलेली नाहीत.

"तू लावलेलीस ना गो?"

"लावलेली रे दादा, माझ्या हाताने."

दुसऱ्या दिवशी तिने शोधलं. प्रमाणपत्राची फाइल सर्व्हरवर लहान अक्षरांतल्या नावाने पडली होती, आणि अर्जात तेच नाव कॅपिटलमध्ये. सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. लूपने फाइलींची नावंसुद्धा बदलून टाकली होती. असे अर्ज निघाले एकसष्ट.

"दुरुस्त कर आणि गप्प बस," सर म्हणाले. "तिकडे कळलं तर काम जाईल."

दुरुस्ती एका ओळीची होती. गप्प मात्र तिला बसवेना. एकसष्ट जणांची नाव-पत्त्यांची यादी तिने छापून घरी आणली आणि तिकडच्या कंपनीला परस्पर ई-मेल केला. जागा भरल्या, असं दोन ओळींचं उत्तर आलं. त्याच आठवड्यात सरांनी तिला काढलं.

"दादा, चूक माझीच होती."

भिवाने तिच्या हातातली यादी घेतली. मग म्हणाला, "बाकीच्यांना सांगितलंस?"

"नाय."

"मग सांग."

तिने सगळ्यांना पत्रं टाकली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. शहाडची केशरबाई मात्र पत्र मुठीत धरून दारात आली. भिवाच्या कितीतरी आधी नकार आल्यावर तिचा मुलगा घर सोडून गेला होता, चार महिने पत्ता नव्हता.

"वेल्डिंग येत नाय म्हनून नाकारला, असं बाप त्याला बोलला," केशरबाई म्हणाली. "हे पत्र तवा का नाय टाकलंस?"

उत्तराच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. केशरबाईने तो घेतला नाही. पत्र उंबऱ्यावर ठेवून ती निघून गेली.