हा मनु कोण, वन्सं?

वन्सं गेल्या हे मला मालिनीनं सांगितलं. आणि खरं सांगते, रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं ते हेच, की हिला माझ्याआधी कसं कळलं? तंजावरच्या इस्पितळात खाटेशी मीच तर बसले होते. डॉक्टर आले, तमिळमध्ये चार वाक्यं बोलले... माझ्याकडे नाही, या पोरीकडे बघून. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आजी गेल्या." महिना उलटून गेला त्याला. पण माझ्या नणंदेचं जाणं मला परक्या पोरीच्या तोंडून कळावं, हा राग काही जात नाही.

वन्सं म्हणजे यमुनाबाई, माझ्या यजमानांची थोरली बहीण. तंजावरच्या मराठी घरातल्या, लग्न न केलेल्या, ओरत्तनाडूच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या. मी पक्की पुण्याची. आमचे हे गेले तेव्हा त्यांनीच फोन केला होता, "सुमन, एकटी काय करूलालीस गे तिथं? इकडे ये." आपण 'काय करते आहेस' म्हणतो ना, त्याला त्यांच्याकडे हे असं. भाड्याचं घर सोडून मी आले खरी, पण माझा स्वभाव बरोबरच आला. कुणी उगाच गोड बोललं की मला वाटतं, याचं काहीतरी काम असणार. माझा गुडघा दुखतो म्हणून त्या मला इस्पितळात न्यायच्या. तिथे डॉक्टरांना सांगायच्या, "एंगळुक्कु मुट्टी वलिक्कुदु." एकदा विचारलं, हे काय सांगता? म्हणाल्या, "आम्हाला गुडघा दुखतोय." मी म्हटलं, "अहो, दुखतोय मला! तुमचा काय संबंध?" त्या नुसत्या हसल्या. मला वाटलं, कमाल आहे बाई, माझ्या दुखण्यावरसुद्धा हिचा हक्क!

आणि मग ही मालिनी उगवली. तंजावरच्याच मराठी घरातली, कॉलेजात शिकणारी. मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र दर दोन शब्दांनी तमिळमध्ये घसरते. कुठल्याशा संस्थेत दोन महिन्यांची इंटर्नशिप करत होती. काम काय, तर म्हाताऱ्या माणसांसाठी 'अ‍ॅडव्होकसी'. झालं! अ‍ॅडव्होकेट म्हणजे वकील, एवढं मलाही कळतं. आणि वकील म्हाताऱ्यांच्या घरी कशाला येतो? मृत्युपत्राला, नाहीतर वाटणीला. दोघी बाहेरच्या ओट्यावर तासन्‌तास बसायच्या, कागद भरायच्या, आणि मी कॉफी घेऊन गेले की चिडीचूप. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते कशाला? एका दुपारी मी खिडकीमागे उभीच राहिले. हो, चोरून ऐकलं. वन्सं विचारत होत्या, "मनु तयार आहे न?"

"आहे, आजी."

"मग सोमवारी कलेक्टरांपुढे नेऊ. सुमनला सांगू नको. उगा धसका घेईल."

मनु! कोण हा? दत्तक घेतला की काय या वयात? पायाखालची जमीनच सरकली. घर मनूच्या नावावर झालं की मला पाहुणीसारखं बाहेर काढायला किती वेळ? पुण्याचे दोर तर मीच कापून आलेले. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सोमवारी वन्सं ठेवणीतली साडी नेसल्या, तशी मी दारात आडवी उभी राहिले. "मीही येते. बघू तरी द्या, हा मनु कोण, वन्सं?"

त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या. "अगं, तमिळमध्ये अर्जाला मनु म्हणतात!" न्यायला आलेल्या मालिनीनंही समजावलं, की हे कोर्टाचं काम नव्हे. म्हाताऱ्यांची अडचण कुठे होते ते हुडकायचं, लिहायचं, आणि नियम करणाऱ्यांपुढे नेऊन मांडायचं. बरं बाई, मांडा. संध्याकाळी त्यांनी शिक्का मारलेली प्रत दाखवली. सगळी तमिळमध्ये. माझी हकालपट्टी लिहिली असती तरी मला कळलं नसतं, आणि खोटं कशाला बोलू, तशी शंका आलीही. वन्सं जाईपर्यंत होती.

तेराव्यानंतर वन्संच्या चष्म्याच्या डबीत ती प्रत सापडली. मालिनीला समोर बसवलं आणि म्हटलं, वाच, एक शब्द गाळू नकोस. ती अडखळत मराठी करून सांगू लागली... "माझी भावजय म्हातारी आहे. तिला तमिळ येत नाही. आज तिचं दुखणं मी सांगते. मी गेल्यावर कोण सांगेल? इस्पितळात तिच्यासारख्यांजवळ बसून त्यांचं बोलणं सांगणारं माणूस नेमावं." मनु मीच होते हो! मरणाचा विचार त्यांनी केला, तो माझ्या गुडघ्यासाठी, आणि मी खिडकीमागे उभी राहून घर कुणाला जातंय ते ऐकत होते. लाज वाटली. भरपूर रडले.

त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. इंटर्नशिप मात्र कधीच संपली, तरी मालिनी येते. परवा मला इस्पितळात न्यायला आली तेव्हा मी सरळ विचारलं, "आता तुला यात काय मिळतं ग?" म्हणाली, "काही नाही, आजी. चप्पल घाला." डॉक्टरांनी मान वर केली तशी तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "एंगळुक्कु..." मी तिच्याकडे रोखून पाहिलं. हे पढवून ठेवलेलं वन्संचंच काम, मला न सांगता! डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. मालिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "कधीपासून दुखतंय, विचारतायत."

"महिना झाला," मी म्हटलं.

गुडघा तीन वर्षं दुखतोय, हे तिला ठाऊक आहे. महिन्यापूर्वी काय झालं, तेही. तिनं महिनाच सांगितला.