सत्तारभाईंची मामलेदारीण

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात सत्तारभाईंनी चाळीस वर्षं बैल पारखले. दात बघून वय सांगत, चाल बघून स्वभाव. आणि पाठीवर हात ठेवल्यावर कातडी कशी थरथरते, त्यावरून बैलाच्या मालकाचाही स्वभाव सांगत. आपण निवडून दिलेलं एकही जनावर परत आलं नाही, हे ते क्वचितच बोलून दाखवत. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा.

गुडघ्यांनी बाजार सोडायला लावला, तेव्हा राहात्याला दिलेल्या लेकीने, फलकने, अब्बांना सोबत म्हणून आपल्याकडचं मांजराचं पिल्लू आणून दिलं. ते आता आठ महिन्यांचं झालं होतं. घरात भाई आणि त्यांची बायको शकिला दोघंच असली की मांजर भाईंच्या मागेमागे फिरे. दाराची कडी वाजली की धान्याच्या कोठीमागे गडप. शेजारचा कानिफनाथ रोज चहाला येई. इतक्या दिवसांत त्याने शेपटीचं टोक तेवढं पाहिलं होतं. मामलेदारीण हे नाव त्यानेच ठेवलं.

"कवाबी जा," तो म्हणे, "सायेब जाग्यावर न्हाई."

भाईंना हे लागे. मग त्यांनी बाजारात करत आले तेच केलं. पाहुणा आला की कोठीमागे हात घालून मांजर बाहेर ओढायचं, उजेडात धरायचं आणि जबडा उघडून दाखवायचा. "बघा, दात कसं हाय." मांजराचे दात बघून पाहुण्याने काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. मांजरीने मात्र आपलं मत भाईंच्या मनगटावर नोंदवून ठेवलं. पुढेपुढे तर पाहुणे गेल्यावरही ती दोन-दोन तास बाहेर येईना.

अशात फलकचा फोन आला. "अब्बा, तिचं मन रमत नसेल तर परत नेते. रविवारी येतेच आहे सासूबाईंना घेऊन."

'परत' ऐकलं आणि भाईंचं जेवणावरून मन उडालं.

मनगटाला हळद लावता लावता शकिला म्हणाली, "बैल इकायचा असतो म्हनून गिऱ्हाइकाला दाखवायचा. हिला कुनाला इकायचंय तुमाला?"

बाजारात परक्याचा हात लागताच मान खाली घालणारा बैल भाईंनी कधी पसंत केला नव्हता. जो अंग चोरतो, कान टवकारतो, आधी मालकाकडे बघतो, त्याच्यावरच ते बोट ठेवत. हा इमानी, म्हणत. जन्मभर ज्याला गुण म्हटलं, त्यालाच स्वतःच्या घरात खोड ठरवून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या कुणाची अशी चूक त्यांनी बाजारभर सांगितली असती.

त्या दिवसापासून कोठीमागे हात जायचा बंद झाला. कानिफनाथ आला की भाई त्याला कोठीकडे पाठ करून बसवत.

"तिकडं बगू नको."

"का? पडदा हाय का?"

"हाय असंच समज."

चौथ्या दिवशी डोकं दिसलं. पाचव्या दिवशी अख्खं मांजर आलं. कानिफनाथने वळून बघितलं आणि ते गेलं.

"एका जागी बसायला बैलबी शिकतो, कानिफ," भाई म्हणाले.

रविवारी फलक आली. तिच्या सासूबाई, सबिहा, आल्या आल्याच कोठीकडे वाकल्या. "कुठंय ती?"

"बसा," खाटेवरून भाई म्हणाले. "ती बगतीय तुमाला. पारख चाललीय, हुंद्या."

जिची आजवर सुनांनीसुद्धा पारख केली नव्हती, ती बाई मुकाट्याने सतरंजीवर बसली. पहिला चहा झाला. दुसऱ्या चहाच्या वेळी मामलेदारीण कोठीमागून निघाली, भिंतीच्या कडेने सगळ्यांना वळसा घालून आली, सबिहांच्या पदराचा दोन हातांवरूनच वास घेतला आणि खाटेवर चढून भाईंच्या मांडीला टेकली. तोंड पाहुण्यांकडे. फलकने हात पुढे केला तसे तिचे कान मागे गेले. फलकने हात मागे घेतला.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "हिचं माणूस ठरलंय."

पुढचा तासभर भाई जागचे हलले नाहीत, आणि पाहुण्यांना एस्टीपर्यंत सोडायला त्यांनी शकिलाला धाडलं.